'गुंतवणूक' म्हणजे नेमकं कोणाचं घर? हवाईच्या शाळा-कराची चिकित्सा

एक प्रश्न वाचा आणि मनातल्या मनात उत्तर द्या. "सरकारी शिक्षणाला आधार देण्यासाठी, गुंतवणुकीच्या स्थावर मालमत्तेवर, कायद्याने ठरवला जाईल असा अधिभार लावण्याचा अधिकार विधिमंडळाला द्यावा का?"

अमेरिकेतल्या हवाई राज्यात 6 नोव्हेंबर 2018 च्या मतपत्रिकेवर हा प्रश्न छापलेला होता. राज्यघटनेत दुरुस्ती करायची होती, म्हणून थेट जनतेचा कौल. बहुतेकांचं मन पटकन 'हो'कडे झुकेल. शाळांना पैसे मिळणार, आणि देणार कोण, तर गुंतवणूकदार. ज्याचं स्वतःचं राहतं एकच घर आहे, त्याला वाटणार की यात आपल्या खिशाला काही चाट नाही.

पण या प्रश्नाचं उत्तर कधी मोजलंच गेलं नाही. राज्यातल्या चारही काउंटी (आपल्याकडच्या जिल्हा परिषद आणि महापालिका एकत्र केल्यासारखं काहीतरी समजा) कोर्टात गेल्या आणि 19 ऑक्टोबर 2018 ला हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्दबातल ठरवली. कारण काय? तर मतपत्रिकेवरचा प्रश्न कायद्याला अपेक्षित असलेल्या स्पष्टतेत बसत नाही. तोवर मतपत्रिका छापून झाल्या होत्या. त्यामुळे लोकांनी प्रश्न पाहिला, त्यावर खूणही केली, पण ती मतं हिशेबात धरली गेली नाहीत.

या प्रकरणाकडे 'शिक्षक विरुद्ध बिल्डर' किंवा 'राज्य विरुद्ध काउंटी' असं बघणं सोपं आहे. मला ते अपुरं वाटतं. मुळात कल्पनेच्या बाजूने मी आहे, हे आधीच सांगते. रिकाम्या पडलेल्या महागड्या घरांवर जास्त कर लावून तो पैसा सरकारी शाळांत घालणं मला योग्य वाटतं. माझा आक्षेप प्रस्तावाच्या बांधणीवर आहे. पैसा कशासाठी हवा, हे त्यात ठळक होतं. पैसा कोणाकडून घेणार, हे मात्र त्यात नव्हतंच. आणि कराचा सगळा जीव त्या दुसऱ्या प्रश्नात असतो.

हवाईची अडचण खरी होती

आधी पार्श्वभूमी, कारण हवाई हे अमेरिकेतलं अपवादात्मक राज्य आहे. बाकी देशात शाळा स्थानिक 'स्कूल डिस्ट्रिक्ट' चालवतात आणि त्यांचा मोठा आधार असतो मालमत्ता कर. देशभरातल्या शाळांच्या एकूण पैशातला साधारण 45 टक्के वाटा स्थानिक पातळीवरून येतो आणि त्यातला बहुतांश घरं-दुकानं-जमिनींवरच्या करातून. त्यामुळे श्रीमंत वस्तीतली शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीतली गरीब, हा तिथला जुना आजार आहे. 1973 साली तो वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि टेक्सासमधल्या त्या खटल्यात न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की शाळांच्या पैशातली ही विषमता देशाच्या राज्यघटनेचा भंग ठरत नाही.

हवाईत तसं नाही. तिथे अख्ख्या राज्याचा मिळून एकच स्कूल डिस्ट्रिक्ट आहे. याचं मूळ राजेशाहीच्या काळात आहे. तिसऱ्या कामेहामेहा राजाने 1840 मध्ये सार्वजनिक शिक्षणाची व्यवस्था सुरू केली, तेव्हापासून ती केंद्रीभूतच राहिली. आज दीड लाखाहून जास्त मुलं या एका व्यवस्थेत शिकतात आणि पैसा येतो राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून, म्हणजे मुख्यतः आयकर आणि 'जनरल एक्साइज टॅक्स'मधून. हा दुसरा कर किराणा मालावरसुद्धा लागतो, त्यामुळे कमी उत्पन्नाच्या घरांना तो जास्त टोचतो.

आता गंमत बघा. 1978 च्या घटना परिषदेनंतर हवाईच्या राज्यघटनेत असं ठरलं की स्थावर मालमत्तेवर कर लावण्याचा अधिकार फक्त काउंटींचा. म्हणजे शाळा चालवायच्या राज्याने, पण मालमत्ता कराला हात लावायचा नाही. आणि मालमत्ता कर घ्यायचा काउंटींनी, पण शाळांची जबाबदारी त्यांच्यावर नाही. शाळांच्या बाजूने पाहिलं तर आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना.

दुसरीकडे, हवाईत राहणं भयंकर महाग आहे. शिक्षकांना तिथल्या पगारात घर परवडत नाही, मुख्य भूमीवरून आलेले शिक्षक थोड्या वर्षांत परत जातात, आणि दरवर्षी शेकडो वर्ग पात्रता पूर्ण न केलेल्या शिक्षकांच्या भरवशावर चालतात. सगळ्यात जास्त झळ बसते ती विशेष शिक्षणाच्या वर्गांना आणि दूरच्या ग्रामीण शाळांना. शिक्षक संघटनेने हा प्रस्ताव लावून धरला तो या कारणासाठी. त्यांची तक्रार खोटी नव्हती.

'देशात सर्वात कमी दर' हा युक्तिवाद

समर्थकांचा एक आवडता मुद्दा होता, की हवाईतला मालमत्ता कराचा दर अमेरिकेत सर्वात कमी आहे, म्हणजे वाढवायला भरपूर जागा आहे. पहिला भाग बरोबर आहे. होनोलुलू काउंटीत (म्हणजे संपूर्ण ओआहू बेटावर) साध्या निवासी मालमत्तेचा दर 1,000 डॉलर किमतीमागे 3.50 डॉलर. टक्केवारीत 0.35.

पण दर म्हणजे कर नव्हे. दराला किमतीने गुणलं की कर मिळतो. ओआहूवर 10 लाख डॉलरचं घर म्हणजे राजवाडा नाही, जुनं साधं घरही त्या भावात जातं. त्यावर 0.35 टक्के म्हणजे वर्षाला 3,500 डॉलर. आता मुख्य भूमीवर 2 लाख डॉलरचं घर घ्या आणि दर धरा 1.75 टक्के. पाचपट दर, पण कर तेवढाच, 3,500 डॉलर. शिवाय मुख्य भूमीवरच्या त्या करात शाळेचा वाटा असतो. हवाईत शाळेचे पैसे लोकांनी आयकर आणि एक्साइजमधून आधीच दिलेले असतात. दोन वेगळ्या गोष्टी एका मापाने मोजून 'आम्ही कमी देतो' असं म्हणणं म्हणजे एकाने दुधाचं आणि दुसऱ्याने चहाचं बिल समोर ठेवून तुलना करण्यासारखं आहे.

याचा अर्थ वाढवायला जागा नाही असं नाही. जागा आहे, पण ती सगळ्यांकडे सारखी नाही. ज्याने 30 वर्षांपूर्वी घेतलेलं एकच घर किमतीने फुगलंय आणि ज्याने सुट्टीसाठी तिसरं घर घेतलंय, या दोघांकडची जागा वेगळी आहे. ती वेगळी करायची जबाबदारी प्रस्तावात एकाच शब्दावर टाकली होती: 'गुंतवणूक'.

ज्या शब्दाला व्याख्या नाही

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही पहिल्या वर्षीच एक सवय लावली जाते. जे मोजायचंय त्याची मोजता येईल अशी व्याख्या आधी लिहायची. 'ताण' मोजतोय म्हणून चालत नाही. कोणता ताण, कोणत्या एककात, कोणत्या उपकरणाने, हे सांगावं लागतं. ही व्याख्या नसेल तर पुढचा निकाल चूकही ठरवता येत नाही आणि बरोबरही. करातही तेच आहे. कराचा पाया, म्हणजे नेमक्या कोणत्या गोष्टींवर तो लागणार, हीच त्याची व्याख्या.

आता या मालमत्ता बघा आणि यातली 'गुंतवणूक' कोणती ते ठरवा.

एक, वर्षातून तीन आठवडे वापरलं जाणारं, समुद्रासमोरचं 40 लाख डॉलरचं घर. मालक राज्याबाहेरचा.

दोन, निवृत्त जोडप्याचा एक फ्लॅट, जो त्यांनी एका शिक्षिकेला भाड्याने दिलाय आणि त्या भाड्यावर त्यांचं घर चालतं.

तीन, एकाच प्लॉटवर पुढे आजी-आजोबा आणि मागे मुलगा-सून अशी दोन घरं. हवाईत ही पद्धत इतकी रुळलेली आहे की अशा जोडघराला कुटुंबासाठीचा 'ओहाना' हाच शब्द लावतात.

चार, होनोलुलूमधली दुकानांची चाळ, मालक एक, भाडेकरू आठ.

पाच, कामेहामेहा स्कूल्स या न्यासाच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या व्यावसायिक जमिनी. राजकन्या बर्नीस पौआही बिशप यांच्या मृत्युपत्रातून उभा राहिलेला हा न्यास हवाईतल्या सर्वात मोठ्या खाजगी जमीनमालकांपैकी एक आहे आणि त्या जमिनींच्या उत्पन्नातून तो मूळ हवाईयन मुलांसाठी शाळा चालवतो. सरकारी शाळांसाठीचा कर दुसऱ्या शाळांच्या उत्पन्नावर लावायचा का?

पहिल्याबद्दल बहुतेकांचं एकमत होईल. बाकी चारांबद्दल होणार नाही, आणि प्रामाणिक माणसांतही होणार नाही. हे मतभेद सोडवणं म्हणजेच कर ठरवणं. प्रस्तावाने ते 'कायद्याने ठरवला जाईल' या तीन शब्दांत गुंडाळून पुढे ढकललं.

यावर समर्थकांचं उत्तर असं, की राज्यघटनेत बारीकसारीक तपशील घालत नाहीत. अधिकार द्यायचा, तपशील विधिमंडळाने नंतर भरायचा. हे उत्तर उडवून लावण्यासारखं नाही. दर आणि सवलती घटनेत लिहिल्या तर दर चार वर्षांनी घटना बदलावी लागेल. पण सगळं सांगणं आणि काहीच न सांगणं याच्यामध्ये बरीच जागा असते. 'मालक स्वतः राहतो ते घर वगळून' एवढं म्हणता आलं असतं. किमतीची किमान मर्यादा घालता आली असती. दराला कमाल मर्यादा घालता आली असती. शिक्षक संघटना प्रचारात सांगत होती की रोख 10 लाख डॉलरपेक्षा महाग, मालक राहत नसलेल्या घरांवर आहे. उत्तम. मग ते लिहायचं ना! प्रचारसभेतली व्याख्या विधिमंडळावर बंधनकारक नसते. दहा वर्षांनी वेगळे आमदार येतील, त्यांना वेगळी निकड असेल आणि शब्द मात्र तोच, मोकळा, राहील.

आणि असं करणं अशक्य होतं असंही नाही. होनोलुलूने 2014 पासून 'रेसिडेन्शियल ए' नावाचा वेगळा वर्ग केलेलाच होता: 10 लाख डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची अशी घरं, ज्यांवर मालक तिथे राहत असल्याची सवलत घेतलेली नाही. 2018-19 मध्ये अशा घराच्या पहिल्या 10 लाखांवर हजारी 4.50 डॉलर आणि त्यावरच्या रकमेवर हजारी 9 डॉलर असा दर होता. म्हणजे 15 लाखांच्या घराला 4,500 अधिक 4,500, एकूण 9,000 डॉलर. त्याच किमतीच्या घरात मालक राहत असेल तर हजारी 3.50 ने, सवलत न धरताही, 5,250. या वर्गावरही टीका झाली. घर विकायचं नाही म्हणून नातेवाइकांना किंवा जुन्या भाडेकरूंना दिलेल्या स्थानिक कुटुंबांना तो लागतो, ही तक्रार होती. पण ती तक्रार करता आली, कारण व्याख्या कागदावर होती.

भार शेवटी कोणाच्या डोक्यावर?

अर्थशास्त्रात कर कोण भरतो आणि कर कोण सोसतो हे दोन वेगळे प्रश्न मानतात. चेक मालकाच्या सहीने जातो, पण पैसे भाडेकरूच्या पाकिटातून गेलेले असू शकतात.

ढोबळ नियम असा. जमीन कुठे पळून जात नाही आणि नवी तयारही होत नाही. त्यामुळे निव्वळ जमिनीवरचा कर मालकालाच सोसावा लागतो, तो भाडं वाढवून वसूल करणं अवघड असतं, कारण भाडं आधीच बाजार देईल तेवढं असतं. इमारतीचं तसं नाही. भाड्याच्या इमारतींवर कर वाढला तर नव्या इमारती कमी बांधल्या जातात, जुन्यांची डागडुजी कमी होते, काही घरं भाड्याच्या बाजारातून बाहेर जातात, आणि काही वर्षांत भाडी चढतात. हवाईत जमीन मर्यादित आणि बांधकामाचे नियम कडक, म्हणून मालकाच्या वाट्याला मोठा हिस्सा येईल असं म्हणता येतं. पण सगळा येईल असं नाही. आणि राज्यातली सुमारे 40 टक्के कुटुंबं भाड्याने राहतात.

दुकानांचा मामला तर आणखी सरळ आहे. हवाईतल्या व्यावसायिक भाडेकरारांत मालमत्ता कर भाडेकरूने भरायचा अशी अट सर्रास असते. म्हणजे वर दिलेल्या चौथ्या उदाहरणात कर मालकाच्या 'गुंतवणुकी'वर लागेल आणि बिल जाईल नूडल्सचं दुकान चालवणाऱ्याला. याला आपल्याकडे म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी.

याउलट पहिलं उदाहरण घ्या. रिकाम्या सुट्टीघरात भाडेकरूच नाही. कर ढकलायला समोर कोणी नाही. तो मालकालाच भरावा लागणार, किंवा मग घर विकावं अथवा भाड्याने द्यावं लागणार. म्हणून मी म्हणते, की 'गुंतवणूक' या शब्दाऐवजी 'रिकामं' किंवा 'मालक न राहणारं आणि दीर्घ मुदतीने भाड्यालाही न दिलेलं' असं लिहिलं असतं, तर हाच कर कितीतरी न्याय्य झाला असता. न्याय सगळा त्या व्याख्येत आहे.

दोन हेतू, दोन दिशा

पण इथेही एक पेच आहे, आणि तो समर्थकांच्या लिखाणात मला फारसा दिसला नाही.

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने 2017 पासून रिकाम्या घरांवर कर लावला. व्याख्या स्वच्छ: वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ रिकामं राहिलेलं घर. सुरुवातीचा दर किमतीच्या 1 टक्का. प्रत्येक मालकाने दरवर्षी घोषणापत्र भरायचं. नंतर दर वाढवत नेला. रिकाम्या घरांची संख्या कमी झाल्याची नोंद शहरानेच केली. म्हणजे कर यशस्वी झाला.

आता विचार करा. रिकामी घरं कमी झाली, की कराचा पाया लहान झाला. लोकांचं वागणं बदलावं म्हणून लावलेला कर जितका यशस्वी, तितकं त्याचं उत्पन्न घटत जातं. व्हँकुव्हरने तो पैसा परवडणाऱ्या घरांच्या योजनांकडे वळवला. तिथे एखाद्या वर्षी रक्कम कमी आली तर एखादा प्रकल्प पुढे जातो. पण शिक्षकांचा पगार पुढे ढकलता येत नाही. पगार म्हणजे दर महिन्याला, पुढची 30 वर्षं. त्याला लागतो सपाट, कंटाळवाणा, अंदाज बांधता येणारा स्रोत.

हवाईच्या प्रस्तावाला दोन्ही हवं होतं: सट्टेबाजीला चाप आणि शाळांना कायमचा पैसा. एकाच दोरीचे दोन्ही टोकांना ओढणारे हात. यातून मार्ग निघतो, पण तो निवडावा लागतो. एकतर पाया रुंद आणि दर कमी ठेवायचा, म्हणजे उत्पन्न टिकतं, पण भाडेकरूंना झळ पोचते. नाहीतर पाया अरुंद आणि दर जास्त ठेवायचा, म्हणजे न्याय्य होतो, पण उत्पन्न डुगडुगतं आणि त्यावर नियमित पगार न बांधता शाळांच्या इमारती, शिक्षकांसाठी घरं असे एकदाचे खर्च करावे लागतात. प्रस्तावाने ही निवड केली नाही, आणि मतदारालाही करू दिली नाही.

पैसा शाळेपर्यंत पोचतो का?

तिसरा प्रश्न. 'शिक्षणाला आधार देण्यासाठी' गोळा केलेला पैसा शाळेच्या आधीच्या पैशात भर घालतो, की त्याची जागा घेतो? विधिमंडळ एका हाताने अधिभाराचे 100 रुपये शाळांना देऊन दुसऱ्या हाताने सर्वसाधारण तिजोरीतले 100 काढून घेऊ शकतं. कायदा मोडत नाही, शाळा मात्र होती तिथेच.

हे कळायला हवाईला जायची गरज नाही. तुमच्या घरच्या मालमत्ता कराच्या पावतीवर राज्याचा 'शिक्षण कर' वेगळा लिहिलेला असतो. महाराष्ट्रात तो 1962 च्या कायद्याने आला. दरवर्षी आपण तो भरतो. तो पैसा कोणत्या शाळेत काय बदल करतो, हे पावती बघून सांगता येईल का? केंद्राचं उदाहरण आणखी बोलकं आहे. माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठीचा 1 टक्का उपकर 2007 मध्ये सुरू झाला. त्यातल्या पैशासाठी स्वतंत्र कोष करायला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ऑगस्ट 2017 मध्ये. दहा वर्षं कराच्या नावात शिक्षण होतं, पण त्याच्या नावाचं खातं नव्हतं. कराच्या नावाने खर्चाची हमी मिळत नाही. हमी मिळते 'अमुक वर्षाच्या प्रतिविद्यार्थी खर्चापेक्षा राज्याचा स्वतःचा वाटा कमी होणार नाही' अशा अटीने. हवाईच्या दुरुस्तीच्या प्रश्नात अशी अट नव्हती.

काही जण म्हणतील, पैसा वाढवून तरी काय फरक पडतो? हा आक्षेप 1966 च्या कोलमन अहवालापासून चालत आलाय. त्यावर चांगलं संशोधन आहे. जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पेपरमध्ये 1955 ते 1985 दरम्यान जन्मलेल्या अमेरिकन मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. त्यांची युक्ती अशी: कोर्टाच्या आदेशांमुळे काही ठिकाणी शाळांचा पैसा अचानक वाढला, काही ठिकाणी नाही. ही वाढ पालकांनी निवडलेली नव्हती, म्हणून तुलना बऱ्यापैकी स्वच्छ. बारा वर्षं सलग 10 टक्के जास्त खर्च झालेल्या मुलांची मोठेपणी मजुरी सुमारे 7 टक्के जास्त निघाली, आणि गरीब घरांतल्या मुलांना फायदा आणखी जास्त झाला. म्हणजे पैशाने फरक पडतो. पण 'बारा वर्षं सलग' हे शब्द विसरू नका. पुन्हा तोच मुद्दा: टिकाऊ स्रोत.

आणि पैसा कुठे टाकला यानेही फरक पडतो. हवाईनेच 2020 मध्ये विशेष शिक्षणाच्या शिक्षकांना वर्षाला 10,000 डॉलर जादा द्यायला सुरुवात केली, नव्या मालमत्ता कराशिवाय. थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा विशेष शिक्षणातल्या रिकाम्या जागांचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटलेलं दिसलं. मात्र आतली गोष्ट अशी, की असलेले शिक्षक टिकण्यात लक्षणीय फरक पडला नाही. बहुतेक भर पडली ती सर्वसाधारण वर्गांवरचे शिक्षक तिकडे सरकल्यामुळे. एका वर्गाचं भोक बुजलं ते दुसऱ्या वर्गाच्या कापडाने. तरी ज्या मुलांना सर्वात जास्त गरज, त्यांच्यासमोर पात्र शिक्षक उभा राहिला, हे कमी नाही. पण एकूण शिक्षक वाढवायचे तर एकूण पैसा वाढवावाच लागेल, हेही यातून दिसतं.

मग काय हवं होतं?

माझ्या मते त्या मतपत्रिकेवर चार गोष्टी हव्या होत्या. आज मालमत्ता कर फक्त काउंटी लावतात आणि या दुरुस्तीने राज्यालाही तो अधिकार मिळेल, हे स्पष्ट वाक्य. मूळ प्रश्नात 'अधिभार' हा शब्द होता. जणू राज्याचा कर आधीपासून आहे आणि त्यावर थोडा वाढवायचाय. राज्याचा असा करच नव्हता. दुसरं, मालक राहतो ते घर आणि दीर्घ मुदतीने भाड्याला दिलेलं घर वगळल्याचा उल्लेख. तिसरं, दराची कमाल मर्यादा. चौथं, राज्याचा सध्याचा शाळाखर्च कमी न करण्याची अट. सगळं मिळून पाच-सहा ओळी.

यावर एक प्रामाणिक हरकत आहे. स्पष्ट लिहिलं की विरोधकांना बोट ठेवायला जागा मिळते. कॅलिफोर्नियात 2020 मध्ये 'प्रपोझिशन 15' आलं. त्याची व्याख्या बरीच नेमकी होती: 30 लाख डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या व्यावसायिक आणि औद्योगिक मालमत्तांचं बाजारभावाने मूल्यांकन, आणि पैसा शाळांना आणि स्थानिक संस्थांना. ते साधारण 52 विरुद्ध 48 टक्क्यांनी पडलं. म्हणजे स्पष्टतेने विजय मिळतोच असं नाही.

खरं आहे. पण हवाईत संदिग्धतेचाही फायदा नव्हता. तिथल्या घटनादुरुस्तीत कोरं सोडलेलं मतही 'नाही'च्याच पारड्यात जातं. ज्याला प्रश्न कळला नाही आणि ज्याने रकाना मोकळा सोडला, तो नकळत विरोधात गेला असता. आणि कॅलिफोर्नियातल्या समर्थकांना निदान आकडा मिळाला. किती टक्के लोक सोबत आहेत, कोणत्या भागात कमी पडलो, कोणती भीती खोडून काढायला हवी, हे त्यांना कळलं. फसलेल्या प्रयोगातूनही माहिती मिळते. हवाईत प्रयोगच झाला नाही. तिथल्या लोकांना आपल्या मुलांच्या शाळांसाठी सुट्टीघरांवर कर हवा होता की नको, हे आजही कोणाला माहीत नाही, आणि त्या वर्षी पहिलीत गेलेलं पोर एव्हाना प्राथमिक शाळा संपवून पुढे निघून गेलंय.

तेव्हा असा प्रस्ताव पुन्हा कुठेही दिसला, तुमच्या शहरात दिसला तरी, तर 'कशासाठी' हे वाचून थांबू नका. 'कोणावर' आणि 'कशाच्या जागी' हे दोन प्रश्न विचारा. शाळांच्या बाजूचे असाल, तर आधी तुम्हीच विचारा.